जुन्या गाडीचे मागचे शॉकअप बदलताना: पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

मागचे शॉकॲब्सॉर्बर, गॅरेजच्या भाषेत शॉकअप, बदलायचे म्हणजे प्रत्येक बाजूला दोनच जोड सोडवायचे असतात. एक वर बॉडीपाशी, एक खाली ॲक्सलपाशी (दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा). हे काम फसतं ते दोन ठिकाणी. शॉकअप निघाल्यावर ॲक्सल कशावर टेकणार आहे याचा विचार आधी केलेला नसतो, आणि शेवटची आवळणी गाडी हवेत असतानाच उरकलेली असते. पहिल्या चुकीने माणूस जखमी होऊ शकतो, दुसरीने जोडांतले नवे रबरी बुश थोड्याच दिवसांत फाटतात. बाकी सगळा वेळ गंजलेले नट खातात, आणि त्यावर उपाय आहेत.

इथली माहिती मुख्यतः मागे सरळ ॲक्सल, पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आणि नळकांड्यासारखे टेलिस्कोपिक शॉकअप असलेल्या गाड्यांसाठी आहे. कॉइल स्प्रिंगच्या गाड्यांना काय वेगळं करायचं ते त्या त्या ठिकाणी येईल. लिव्हर शॉकअपसाठी शेवटी वेगळा भाग आहे.

१. दोष शॉकअपचाच आहे का ते पाहा

गाडी मागून बसली असेल तर शॉकअप बदलून ती वर येणार नाही. गाडीचं वजन पाटे किंवा स्प्रिंग पेलतात. शॉकअप फक्त त्यांची उसळी शमवतो. बसलेल्या पाट्यांवर नवे शॉकअप लावून पैसे घालवणारे बरेच असतात, म्हणून आधी सपाट जागेवर दोन्ही बाजूंची उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा.

शॉकअप गेल्याच्या खुणा अशा: नळकांड्यावर ओघळ आलेलं तेल, टायरवर ठरावीक अंतराने पडलेले खोलगट डाग, खराब रस्त्याच्या वळणावर मागची बाजू उड्या मारत बाहेर सरकणं. सीलच्या आसपास नुसता तेलकट ओलावा आणि त्यावर धूळ दिसली तर घाबरू नका. रॉड वरखाली होताना थोडं तेल सीलबाहेर येतंच. तेल खालपर्यंत ओघळलं असेल तर मात्र तो शॉकअप संपला.

कोपरा दाबून सोडायची जुनी परीक्षा पाट्यांच्या गाडीत फसवते. पाट्याच्या पट्ट्या एकमेकांवर घासतात आणि ते घर्षणच उसळी थांबवतं, त्यामुळे पूर्ण मेलेला शॉकअपही पास होतो. खालचा जोड सोडून शॉकअप हाताने ओढून-दाबून पाहणं जास्त खात्रीचं. पूर्ण लांबीभर सारखा विरोध जाणवला पाहिजे. मध्येच पोकळ जागा लागली, किंवा दिशा बदलताना हात एकदम सुटला, तर आतली झडप गेलेली आहे किंवा तेल कमी झालंय. ओढताना विरोध जास्त आणि दाबताना कमी लागला तर ते बरोबर आहे. बहुतेक शॉकअप तसेच बनवलेले असतात.

एकच बाजू गळत असली तरी बदलायची जोडीच. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला शॉकअप असेल तर ब्रेक मारताना आणि वळणावर गाडी दोन्हीकडे वेगळी वागते.

२. नवा शॉकअप मोजून घ्या

जुन्या गाडीवर आज जो शॉकअप आहे तो मूळचाच असेल असं धरून चालू नका. इतक्या वर्षांत कुणीतरी जवळपास बसणारा दुसराच लावलेला असू शकतो. म्हणून जुना शॉकअप आणि गाडी, दोन्ही मोजा.

जुन्यावरून घ्यायची मापं: पूर्ण दाबलेली लांबी, पूर्ण ताणलेली लांबी (टोकाला गोल कडी, म्हणजे डोळा, असेल तर डोळ्याच्या मध्यापासून), बुशच्या आतल्या नळीचा व्यास, त्या नळीची रुंदी, वर डोळ्याऐवजी पिन (आटे पाडलेलं रॉडचं टोक) असेल तर पिनची लांबी आणि आटे.

गाडीवरून घ्यायची मापं: चाकं जमिनीवर आणि गाडी नेहमीच्या उंचीला असताना वरच्या आणि खालच्या जोडातलं अंतर, ॲक्सल पूर्ण खाली लोंबकळत असताना तेच अंतर, आणि ॲक्सल वरच्या रबरी स्टॉपला दाबून टेकलेला असताना तेच अंतर. शेवटचं माप प्रत्यक्ष घेणं अवघड जातं. नेहमीच्या उंचीला ॲक्सल आणि रबरी स्टॉप यांमध्ये किती फट आहे ते मोजा, पहिल्या मापातून वजा करा, आणि रबर दबेल तेवढी थोडी जागा आणखी वजा करा. शॉकअप तिरका बसवलेला असेल तर उत्तर थोडं चुकेल, पण चूक सुरक्षित बाजूला होते.

नवा शॉकअप पूर्ण दाबल्यावर या सर्वात लहान अंतरापेक्षा आखूड असलाच पाहिजे. लांब असेल तर खड्ड्यात रबरी स्टॉपच्या आधी शॉकअपच तळाला टेकेल, आणि तो धक्का सरळ वरच्या ब्रॅकेटवर जाईल. पाटे सरळ करून गाडी खाली बसवलेली असते तिथे हे नेहमी घडतं. उलट, ताणलेली लांबी लोंबकळत्या अंतरापेक्षा कमी असेल तर ॲक्सल खाली जाताना शॉकअपवर लटकतो, रॉड आतून हिसके खातो आणि पिन तुटते.

साधा तेलाचा की गॅसचा, हा प्रश्न येतोच. जुन्या, मऊ पाट्यांच्या गाडीला दोन नळ्यांचा साधा तेलाचा शॉकअप शोभतो. जास्त दाबाच्या गॅसचा एका नळीचा शॉकअप रॉड सतत बाहेर ढकलत असतो, त्यामुळे गाडी किंचित उचलली जाते आणि छोट्या खड्ड्यांवर कडक लागते. वेगात, लांबच्या प्रवासासाठी गाडी वापरत असाल तर तो घ्यायला हरकत नाही. गावातल्या गावात फिरायला नको.

३. हत्यारं आणि सामान

ट्रॉली जॅक, गाडीच्या वजनाला पुरतील असे जॅक स्टँड चार (दोन बॉडीखाली, दोन ॲक्सलखाली), पुढच्या चाकांसाठी चार लाकडी पाचरी. रिंग पाने आणि सहा कोनी सॉकेट, टॉर्क पाना (नट ठरावीक जोरापर्यंतच, म्हणजे टॉर्कला, आवळायचा), वायर ब्रश, हॅकसॉ आणि शक्य असेल तर नट फोडायचं यंत्र. गंज सोडवणारं तेल, बोल्टच्या दांड्यावर लावायचं अँटी-सीझ (तो गंजून चिकटू नये म्हणून), डोळ्यांना चष्मा. गाडीची वर्कशॉप पुस्तिका जवळ असलीच पाहिजे, कारण आवळणीचे आकडे प्रत्येक मॉडेलचे वेगळे.

नवे भाग: शॉकअपची जोडी, वरच्या-खालच्या जोडांची रबरं आणि कपासारखे वॉशर (शॉकअपसोबत आले नसतील तर), आणि नवे लॉक नट. जुना नायलॉनचा नट परत वापरू नका, त्याची पकड गेलेली असते.

पान्यांबद्दल सावध राहा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटिश गाड्यांवर बहुधा इंची आटे असतात, त्याआधीच्यांवर व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे नट येतात, आणि जर्मन, इटालियन, फ्रेंच गाड्यांवर मेट्रिक. अर्ध्या इंचाच्या नटाला (१२.७ मिमी) १३ चा पाना लागल्यासारखा वाटतो, गंजलेला नट असेल तर पहिल्याच जोरात कोपरे गोल होतात. ३/४ इंच आणि १९ मिमी मात्र जवळजवळ एकच (१९.०५), तिथे चालून जातं. आटे एकसारखे दिसले तरी इंची बोल्टवर मेट्रिक नट कधीही जबरदस्तीने चढवू नका.

४. आदल्या दिवशी

चारही जोडांचे बाहेर दिसणारे आटे वायर ब्रशने घासा आणि त्यावर गंज सोडवणारं तेल मारा. संध्याकाळी पुन्हा मारा. सकाळी आणखी एकदा. या तीन फेऱ्यांनी जेवढं काम हलकं होतं तेवढं कुठल्याही मोठ्या पान्याने होत नाही.

वरचा जोड कुठे आहे तेही आजच शोधा. अनेक गाड्यांत तो डिकीत कार्पेटखाली, मागच्या सीटच्या पाठीमागे किंवा रबरी टोपीखाली लपलेला असतो. त्याच्या शेजारी पेट्रोलची टाकी असेल तर उद्या तिथे ग्राइंडर आणि गॅसची ज्योत दोन्ही वर्ज्य. नट निघत नसेल तर हॅकसॉने हळूहळू कापा, पण ठिणगी नको.

आता वरच्या ब्रॅकेटभोवतीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. मऊ लागला, पापुद्रे निघाले, तर काम थांबवा. थकलेला शॉकअप या पत्र्यावर फारसा जोर देत नव्हता. नवा देईल, आणि कुजलेला पत्रा ब्रॅकेटसकट फाटून निघेल. आधी वेल्डिंग, मग शॉकअप.

प्रत्येक जोडाचे फोटो काढा. वॉशर कुठल्या बाजूने तोंड करून आहेत आणि बोल्टचं डोकं कुठे आहे, हे उद्या आठवत नाही.

५. गाडी उचलणं

मागचं चाक चालवणाऱ्या गाडीत हँडब्रेकही मागच्या चाकांवर असतो आणि गिअरही त्यांनाच धरतो. मागची चाकं जमिनीवरून सुटली की गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पाचर, आणि जमीन सपाट, कडक.

पाट्यांच्या गाडीसाठी सर्वात चांगली सोय म्हणजे पिट (गाडीखाली उभं राहायचा खड्डा) किंवा चाकं टेकवून उभी करायची मजबूत लिफ्ट. ॲक्सल नेहमीच्या उंचीला राहतो, शॉकअपवर ताण नसतो, बोल्ट सहज निघतात आणि शेवटची आवळणीही तिथेच होते. ती सोय नसेल तर ॲक्सलच्या नळीखाली जॅक लावून गाडी उचला आणि बॉडीखाली, पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटजवळच्या मजबूत भागावर स्टँड लावा. मग ॲक्सलखालीही स्टँड ठेवा. स्टँड ब्रेकच्या पाइपवर तर बसत नाही ना, ते वाकून पाहा. डिफरन्शियलच्या मागच्या झाकणाखाली जॅक लावू नका. ते झाकण पातळ पत्र्याचं असतं.

गाडी स्टँडवर बसल्यावर बाजूने हलवून बघा. डुलली तर परत उतरवा आणि पुन्हा लावा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जायचं नाही, हाताएवढ्या कामासाठीसुद्धा नाही.

कॉइल स्प्रिंगच्या गाड्यांचं इथे वेगळं पडतं. त्यांच्यापैकी बऱ्याच मॉडेलांत ॲक्सल किंवा आर्म (चाक धरणारा हात) किती खाली जाईल हे शॉकअपच ठरवतो. तो सुटला की आर्म झपकन खाली पडतो, दाबलेली स्प्रिंग बाहेर उडू शकते आणि ब्रेकचा रबरी होज ताणून फाटतो. अशा गाडीत आर्मखाली जॅक भक्कम लावून थोडा वर दाबल्याशिवाय शॉकअपच्या एकाही नटाला हात लावू नका, आणि एका वेळी एकच बाजू करा. पाट्यांच्या गाडीत स्प्रिंग उडायची भीती नाही, पण ॲक्सल लोंबकळत राहिला तर होजवर ताण येतोच. त्यामुळे आधार तिथेही हवा.

६. जुना शॉकअप काढणं

आधी खालचा जोड, मग वरचा. पुष्कळ गाड्यांत खालचा जोड पाट्याच्या यू-बोल्टच्या प्लेटवर असतो. त्या वेळी यू-बोल्टचे नट सैल करू नका. तेच ॲक्सलला जागेवर धरून असतात. घट्ट आहेत का एवढं तपासा.

बोल्ट फिरतोय पण बाहेर येत नाही, असं झालं तर शॉकअपवर ताण आहे. जॅकने ॲक्सल थोडा वर-खाली करा. ठरावीक उंचीला बोल्ट अचानक सैल होतो आणि हाताने निघतो. इथे हातोड्याचा उपयोग नाही.

नट निघाला तरी डोळा गाडीवरच्या पिनवरून सरकत नाही, हा नेहमीचा त्रास. बुशची आतली लोखंडी नळी पिनला गंजून चिकटलेली असते. नट पिनच्या टोकाला समतल येईपर्यंत परत चढवा, म्हणजे ठोकताना आटे फुगणार नाहीत. मग शॉकअप हाताने पुढे-मागे पिळत डोळ्यावर मागून ठोका. तरी हलला नाही तर जवळपास टाकी नाही ना हे पाहून डोळ्याची कडी कापा, रबर सोलून काढा आणि आतल्या नळीवर हॅकसॉने लांबीच्या दिशेने एक खाच पाडा. खाचेत छिन्नी मारली की नळी उघडते. पिनवर खाच पडू देऊ नका. शॉकअपचं नळकांडं तापवायचं नाही, त्यात तेल आहे आणि कदाचित दाबाखालचा गॅसही. रबर जाळून काढणंही टाळा. धूर घातक असतो.

वर पिनचा जोड असेल तर नट फिरवताना रॉडच सोबत फिरू लागतो. रॉडच्या टोकाला दोन सपाट बाजू केलेल्या असतात, त्या छोट्या पान्याने धरा. त्या झिजल्या असतील तर जुन्या शॉकअपचा रॉड पकडीने धरायला हरकत नाही, तो भंगारातच जाणार आहे. नव्या शॉकअपच्या रॉडला मात्र पकड कधीही लावायची नाही. क्रोमवर आलेला एक ओरखडा सील कापतो आणि थोड्याच दिवसांत तेल ओघळू लागतं. इम्पॅक्ट गननेही पिनचा नट आवळू नका, रॉड आत गरगर फिरतो.

शॉकअप निघाला की पिन आणि ब्रॅकेट वायर ब्रशने चकचकीत करा, पॉलिश पेपर मारा. पिनला खोल चर पडला असेल तर नवा शॉकअपही खटखटेल, आणि लोक दोष शॉकअपला देतील.

७. नवा शॉकअप जागा करणं

दोन नळ्यांचा साधा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो आणि हवा आतल्या नळीत शिरते. तसाच बसवला तर पहिले काही किलोमीटर तो पोकळ वाटतो आणि नवा शॉकअप खराब निघाला असा समज होतो. म्हणून तो ज्या बाजूने वर बसणार आहे तसा उभा धरा आणि पूर्ण ताणा. मग उलटा करा आणि पूर्ण दाबा. परत सरळ करून ताणा. पाच-सहा वेळा असं केल्यावर दोन्ही दिशांना पोकळ जागा न लागता सलग विरोध लागू लागतो. नंतर बसवेपर्यंत तो आडवा ठेवायचा नाही.

जास्त दाबाच्या एका नळीच्या गॅस शॉकअपला हे करावं लागत नाही. तो पट्टीने बांधलेला येतो. वरचा जोड लावल्याशिवाय पट्टी कापू नका. कापताना रॉड बाहेर येतो, बोटं दूर ठेवा.

कोनी कंपनीच्या जुन्या धाटणीच्या शॉकअपसारखे कडकपणा बदलता येणारे शॉकअप असतील तर ते गाडीबाहेर पूर्ण दाबून फिरवतात. दोन्ही आधी सर्वात मऊ टोकाला आणा, मग दोन्हींना सारखेच फेरे द्या. सुरुवात मऊ ठेवलेलीच बरी.

८. बसवणं

वरचा जोड आधी. पिनचा जोड असेल तर क्रम असा: कप वॉशर, रबर, बॉडीचा पत्रा, रबर, कप वॉशर, नट, लॉक नट. कपाची पोकळ बाजू रबराकडे. रबराला छोटी मान असेल तर ती पत्र्याच्या छिद्रात नेमकी बसली पाहिजे. तिरकी राहिली तर ती चिरडली जाते, रॉड पत्र्यावर आपटतो, आणि पाठीमागून येणारा तो टणटण आवाज शोधण्यात दिवस जातात.

खाली डोळा बसवताना रबर सरकत नसेल तर साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस लावा. इंजिन ऑइल आणि साधं ग्रीस रबर फुगवतात. बोल्टच्या दांड्यावर, जिथे तो बुशच्या नळीतून जातो, अँटी-सीझ लावा. पुढच्या वेळी हॅकसॉची गरज पडणार नाही. आट्यांवर मात्र लावू नका, कारण पुस्तिकेतला टॉर्क सहसा कोरड्या आट्यांचा असतो आणि ओले आटे तेवढ्याच टॉर्कला जास्त ताणले जातात. बोल्ट मूळ दिशेनेच घाला. उलटा घातलेला बोल्ट टायरला, ब्रेक पाइपला किंवा टाकीला लागू शकतो.

डोळ्याचे नट आत्ता फक्त हलके आवळा.

९. शेवटची आवळणी

डोळ्याच्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला घट्ट बसवलेलं असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटला जखडते आणि त्यानंतरची सगळी हालचाल रबराच्या पिळातून होते. ॲक्सल लोंबकळत असताना आवळलं तर तीच रबराची सरळ स्थिती ठरते. मग गाडी खाली उतरल्यावर, नुसती उभी असतानाही, रबर कायम पिळलेलं राहतं. खड्डा आला की आणखी पिळतं, आणि फाटतं.

म्हणून गाडीचं वजन ॲक्सलवर येऊ द्या. पिट असेल तर ते आधीच आलेलं आहे. नसेल तर बॉडीखालचे स्टँड जागेवरच ठेवून ॲक्सलखालचा जॅक एवढा वर घ्या की बॉडी स्टँडवरून जेमतेम सुटेल. ॲक्सलखालचे स्टँड त्या उंचीला आणा, आणि मगच पुस्तिकेतल्या टॉर्कला नट आवळा. दोन तुकड्यांचे पॉलियुरेथेन बुश नळीभोवती फिरतात, त्यांना या पिळाचा त्रास कमी. पण सोबत दिलेलं ग्रीस आत लावलं नाही तर ते कर्कश वाजतात.

पिनच्या जोडाला वेगळा नियम. तिथे रबर कप वॉशरच्या कडेइतकं फुगेपर्यंत नट आवळा, मग लॉक नट. रबर वॉशरबाहेर फुगून आलं तर जास्त झालं; पिन वाकायची मोकळीक संपते आणि ती आट्यांपाशी तुटते.

१०. लिव्हर शॉकअप असेल तर

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारला १९६२ ते १९८० मागे आर्मस्ट्राँग कंपनीचे लिव्हर शॉकअप होते, मॉरिस मायनरलाही. चेसिसला दोन बोल्टांनी बसवलेली ओतीव डबी, तिच्यातून निघालेला हात, आणि ॲक्सलपर्यंत जाणारी लिंक, अशी ही रचना. गळत नसेल तर बदलायच्या आधी तेल भरून पाहा. झाकणाच्या भोवतीची माती आधी पूर्ण साफ करा, एक कण आत गेला तरी झडप अडकते. मोटरसायकलच्या फोर्कचं २० ग्रेडचं तेल हळूहळू भरा, हात वरखाली हलवत बुडबुडे जाऊ द्या, परत भरा. ब्रेकचं तेल कधीही नको. हाताच्या दांड्यापाशी गळत असेल तर तेल भरणं तात्पुरतं. दुरुस्त केलेला शॉकअपच लावावा लागेल. लिंकचा निमुळता जोड सोडवताना नट काढून डोळ्याच्या दोन विरुद्ध बाजूंवर एकाच वेळी दोन हातोडे मारा. धक्क्याने तो सुटतो.

११. चालवून पाहणं

गाडी उतरवा, चाकाचे नट टॉर्कला आवळा, ब्रेक होज आणि हँडब्रेकची केबल कुठे घासत नाहीत ते पाहा. पहिली फेरी हळू, खड्ड्यांच्या रस्त्यावर. लोखंडी खट आवाज आला तर डोळा सैल आहे किंवा वॉशर चुकीचा लागलाय. फुस्स असा हलका आवाज तेल झडपेतून जाण्याचा असतो, त्याची काळजी नको. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा टॉर्कने तपासा. रबर बसतं आणि पिनचे नट थोडे सैल होतात. डोळ्याचे तपासताना गाडी पुन्हा चाकांवरच हवी.

जुने शॉकअप भंगारात देण्याआधी त्यातलं तेल काढायचा मोह होतो. गॅसच्या नळकांड्याला छिद्र पाडू नका, आतला दाब ड्रिलचा तुकडा तोंडावर फेकू शकतो. त्यावर 'गॅस' असं लिहून तसंच द्या.